कांद्याचा पापुद्रा आणि नवी मलमल

शनिवार, ता. ९ नोव्हेंबर २००२ रोजी नरहरी मोहरील यांनी रायपूरच्या गोल बाजारामागच्या एका भंगारवाल्याकडून एक हजार तीनशे पासष्ट रुपयांना जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पैसे दिवाळीच्या बोनसातले होते. भंगारवाल्याने पंधराशे सांगितले होते. नरहरींनी अर्धा तास उभं राहून एकशे पस्तीस कमी करून घेतले आणि वर पावती मागितली. त्या माणसाने आयुष्यात कोणाला पावती दिली नव्हती. त्याने विडीच्या बंडलाच्या कागदावर आकडा लिहून दिला. तो कागद नरहरींनी घरी येऊन फाइलीला लावला.

अठ्ठावन्न वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या आणि पंडरी बाजारातल्या ठोक कापडाच्या दुकानात छत्तीस वर्षं जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला सूक्ष्मदर्शक कशाला हवा, हे घरात कोणालाच कळलं नाही. मुलगा अभिनव म्हणाला, "बाबा, ये क्या उठा लाए? इसमें तो मकड़ी का जाला है." त्याच्याशी मराठीत बोललं तरी तो हिंदीतच उत्तर देई. रायपुरातल्या त्याच्या पिढीचं तसंच होतं. विजयाबाईंनी, म्हणजे नरहरींच्या बायकोने, मात्र काहीच विचारलं नाही. त्यांनी नळीवर फुंकर मारली, खालचा आरसा खिडकीकडे फिरवला, एकेका भिंगातून पाहिलं आणि "मोठं भिंग गेलेलं आहे, लहान चालते," एवढं सांगून त्या पोळ्या लाटायला गेल्या.

विजयाबाई एकतीस वर्षं मुलींच्या एका हिंदी शाळेत जीवशास्त्र शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. ही गोष्ट इथे सांगून ठेवलेली बरी, कारण पुढचे पंधरा दिवस नरहरी ती विसरल्यासारखे वागणार होते.

झालं होतं असं. राज्य नवं झालं तेव्हापासून रायपुरात जो तो कशाची ना कशाची वाटणी करत होता. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं, गल्लीबोळांतून लाल दिव्याच्या गाड्या फिरायला लागल्या, समता कॉलनीतली घरभाडी दुप्पट झाली, आणि सरकारी माणसांच्या दोन याद्या निघाल्या. छत्तीसगडची एक आणि मध्य प्रदेशाची एक. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक दुसऱ्या यादीत निघाले आणि बिऱ्हाड उचलून भोपाळला गेले. ते गेले याचं मराठी मंडळाला दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की नोव्हेंबरातल्या व्याख्यानमालेत त्यांचं व्याख्यान ठरलेलं होतं. 'पेशीचा शोध कसा लागला' हा विषय घालून तीनशे पत्रिका छापून झाल्या होत्या.

नरहरी मंडळाचे खजिनदार होते. त्यांनी बैठकीत हिशेब मांडला: पत्रिका पुन्हा छापायच्या तर इतका खर्च, वक्त्याच्या नावावर चिठ्ठी चिकटवायची तर इतका. विषय बदलणं महाग होतं. वक्ता बदलणं स्वस्त पडत होतं.

"पण बोलन कोण?" कार्यवाह दत्तोपंत म्हणाले. "एवढा मोठा विषय. आपल्यात कोणी जाणकार आहे काय?"

सात माणसं विचारात पडली. विजयाबाई त्याच खोलीत मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या क्षणी नरहरींना त्यांची आठवण झाली नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. झाली. पण नेमके तेव्हाच दत्तोपंत आशेने नरहरींकडे पाहत होते, आणि आशेने कोणी आपल्याकडे पाहावं असे प्रसंग जमाखर्च लिहिणाऱ्याच्या वाट्याला फारसे येत नाहीत.

"मी बोलतो," नरहरी म्हणाले.

याला एक कारण होतं, आणि ते त्यांना फार भारी वाटत होतं. रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात डेल्फ्ट नावाच्या गावी लेवेनहूक नावाचा एक कापडवाला होता. कापडातले धागे मोजायला व्यापारी जी भिंगकाच वापरतात, तिचा त्याला नाद लागला. त्याने स्वतः काच घासून मसुराच्या दाण्याएवढी भिंगं केली आणि तळ्याच्या पाण्यात, दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव पाहिले. त्याआधी ते कोणी पाहिले नव्हते. त्याला विद्वानांची भाषा येत नव्हती. तो आपल्या बोलीत पत्रं लिहायचा आणि लंडनचे विद्वान ती भाषांतर करून घेऊन वाचायचे. धागे मोजायची तसली काच नरहरींच्याही खिशात छत्तीस वर्षं होती. दुकानात माल आला की गठ्ठा फोडून एका इंचात किती धागे हे पाहणं त्यांचंच काम. एवढ्या पुराव्यावर त्यांनी स्वतःला विज्ञानाच्या इतिहासात बसवून टाकलं. त्या डच माणसाने पन्नास वर्षं रोज भिंगाला डोळा लावला होता आणि आपण रोज फक्त बिलाला लावला, हा किरकोळ फरक त्यांनी सोडून दिला.

तयारीसाठी पुस्तक हवं होतं. विजयाबाईंच्या लोखंडी पेटीत त्यांच्या शिकवण्याच्या वह्या होत्या. बायकोकडे शिकवणी लावली असं दिसायला नको म्हणून नरहरींनी त्या देवळात गेल्या असताना पेटी उघडली. १९७४ सालची निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. वहीत मध्येच एक घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो उलगडला. तो मंडळाचा होता, १९८९ चा, तेव्हाच्या कार्यवाहांच्या सहीचा. 'आपला पेशीविषयक व्याख्यानाचा प्रस्ताव मिळाला. कार्यक्रम भरलेले असल्याने शक्य नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी भगिनींसमोर दहा मिनिटे बोलावे.'

नरहरींनी कागदाची तीच घडी घातली आणि ज्या पानात होता त्याच पानात परत ठेवला. नीटनेटकेपणा त्यांच्या अंगात मुरलेला होता. वही मात्र त्यांनी घेतली.

आता त्यांना पक्कं ठाऊक होतं की हे व्याख्यान तेरा वर्षांपूर्वी कोणी मागितलं होतं. दोन दिवस त्यांनी 'तूच बोल ना' हे वाक्य मनात घोळवलंही. पण तोवर वक्त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून झाल्या होत्या, दुकानात शेठजींनी "मोहरीलजी, सुना है आप साइंटिस्ट हो गए?" असं विचारून चहा पाजला होता, आणि नरहरींना तो चहा फार गोड लागला होता.

गच्चीवरच्या खोलीत त्यांनी तयारी सुरू केली. कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे 'पाहिले' आणि उजवीकडे 'समजले' असे रकाने केले. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाची पातळ चकती भिंगाखाली धरली. त्याला मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरं दिसली. मठातल्या साधूंच्या खोल्यांवरून त्याने त्यांना 'सेल' हे नाव दिलं. पाहिले: घरे. समजले: जवळजवळ काही नाही, कारण घरातला जीव केव्हाच गेलेला होता. मग डावा रकाना भरत गेला आणि उजवा कोरा राहिला. १८३१ साली रॉबर्ट ब्राउनला वनस्पतीच्या पेशींत एक गोल ठिपका सारखा दिसला. त्याने त्याला केंद्रक म्हटलं. १८३८ साली श्लायडेन म्हणाला की झाडं पेशींचीच बनलेली असतात. पुढच्या वर्षी श्वान म्हणाला की प्राणीही. बुचापासून इथवर एकशे चौऱ्याहत्तर वर्षं! आणि एवढं करूनही दोघांनी एक घोटाळा केलाच. नवी पेशी एखाद्या रसात खडीसाखरेसारखी आपोआप जमते, असं ते मानत. पेशी पेशीपासूनच होते हे ठासून सांगितलं फिरखोने, १८५५ साली.

विजयाबाईंच्या वहीत तिथे रेमाक नावाच्या माणसावर पूर्ण दीड पान होतं. नरहरींनी घड्याळ लावून वाचून पाहिलं तेव्हा व्याख्यान बावन्न मिनिटांचं झालं. वेळ पंचेचाळीसची होती. त्यांनी रेमाक काढून टाकला आणि 'फिरखो व इतर' असं लिहिलं.

मग प्रयोग. कांद्याचा पापुद्रा काढून काचेच्या पट्टीवर ठेवायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि पाहायचं. पट्ट्या भंगारातल्या, तेलकट. नरहरींनी दुकानातून नव्या मलमलीचा हातभर तुकडा आणला होता. थानातून नुकतंच कापलेलं, पांढरंशुभ्र कापड! याहून स्वच्छ काय असणार? त्यांनी पट्टी खसाखसा पुसली, पापुद्रा ठेवला, घरातल्या औषधाच्या डब्यातलं आयोडीन टाकलं आणि भिंगाला डोळा लावला.

विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसल्या, आणि त्यांवर निळे-काळे टपोरे ठिपके.

नरहरींच्या अंगावर काटा आला. केंद्रक! वहीत लिहिलं होतं, 'आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी दिसते.' इथे तर निळं होतं. काही विटांत एक, काहींत पाच-सात, काही ठिपके तर भिंतीच्या बरोबर मधोमध. दुसरा कोणी असता तर इथे थबकला असता. नरहरींनी विचार केला की १९७४ साली आयोडीन वेगळं मिळत असेल.

रविवारी, २४ नोव्हेंबरला संध्याकाळी शाळेच्या सभागृहात साठ-पासष्ट माणसं जमली. विजयाबाई तिसऱ्या रांगेत, अभिनव दाराशी. नरहरींनी कोट घातला होता. व्याख्यान चांगलं रंगलं, हे कबूल केलं पाहिजे. कापडवाल्याच्या गोष्टीला त्यांनी खिशातून धाग्यांची काच काढून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. बूच झालं, ब्राउन झाला, खडीसाखर झाली. 'फिरखो व इतर' म्हणताना त्यांचं लक्ष तिसऱ्या रांगेकडे गेलं. विजयाबाई मान खाली घालून चष्मा पुसत होत्या. नरहरींनी पान उलटलं.

शेवटी त्यांनी सर्वांसमोर पापुद्रा तयार केला. पट्टी त्याच मलमलीने पुसली आणि श्रोत्यांना टोकन वाटले. एकामागून एक या, प्रत्येकी अर्धं मिनिट. सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागली.

टोकन एक दत्तोपंत. "वा! वा! दिसलं! चांगलं निळंशार केंद्रक आहे हो!"

"प्रत्येक पेशीत एक," नरहरी म्हणाले.

"मले तर एकीतच सहा दिसून राहिले."

"तुमची नजर चांगली आहे, दत्तोपंत."

तेरा जणांनी केंद्रक पाहिलं. चौदावं टोकन विजयाबाईंचं होतं. त्यांनी डोळा लावला, चाक अर्धा वेढा फिरवलं, पट्टी जराशी सरकवली, पुन्हा पाहिलं. अर्धं मिनिट संपलं, एक मिनिट झालं.

"पट्टी कशानं पुसली हो?" डोळा न काढता त्यांनी हळूच विचारलं.

"कापडाने. स्वच्छ आहे."

"दाखवा."

नरहरींनी खिशातून मलमल काढली. विजयाबाईंनी ती अंगठा आणि बोटात चोळली. कापड करकरलं. बोटांवर पांढरी भुकटी आली.

"धुतली नाही काय?"

"नवी आहे. थानातली."

"मंग ही खळ आहे," विजयाबाई म्हणाल्या. "गिरणीची. आयोडीन पडलं की खळीतला स्टार्च निळा होते. कांद्यात स्टार्च राहतच नाही. तुम्ही इतक्या लोकांले दुकानाचा माल दाखवून राहिले."

पंडरीच्या अख्ख्या बाजारात, डोळे मिटून कापड चोळावं आणि रुपयात किती आणे खळ आहे ते सांगावं, असा नरहरींचा लौकिक होता. छत्तीस वर्षांत एकाही गिरणीला त्यांनी खळीत फसवू दिलं नव्हतं. आज गिरणीने न फसवताच ते फसले होते.

"आणि केंद्रक?"

"आहे ना मागं. पिवळं. तुमच्या खळीनं झाकलं." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "जाऊ द्या. कोणाले काय समजते. चालू द्या, घरी बोलू." आणि टोकन पंधराला जागा देत त्या बाजूला सरकल्या.

सुटका झाली होती. नरहरींना फक्त गप्प राहायचं होतं. पुढचे पन्नास लोक वा वा म्हणून गेले असते, शेठजींनी आणखी एक चहा पाजला असता, आणि विजयाबाई घरी एक शब्द बोलल्या नसत्या. त्या एक शब्द बोलणार नाहीत, याचंच नरहरींना एकाएकी भय वाटलं. पेटीतला तो कागदही त्यांनी तेरा वर्षं कोणाला दाखवला नव्हता.

टोकन पंधरावाले गृहस्थ वाकले होते. नरहरींनी भिंगावर हात ठेवला. "थांबा," ते ध्वनिक्षेपकाकडे जात म्हणाले. "टोकन एक ते तेरा, तुम्ही आत्ता पाहिलं ते केंद्रक नव्हतं. ती नव्या कापडाची खळ होती."

मग दत्तोपंत उठले. "अहो मोहरील, असं काहून म्हणता? मी सोता पाहिलं ना केंद्रक!"

"खळ पाहिली, दत्तोपंत."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत नरहरी थांबले. "चूक माझी आहे. खरं केंद्रक कसं पाहायचं, हे टोकन चौदा यांना येतं. त्यांनी एकतीस वर्षं हेच शिकवलं. मी जे बोललो तेही त्यांच्याच वहीतलं, न विचारता घेतलेलं. आपण बैठकीत जाणकार शोधत होतो तेव्हा त्या मागच्या खुर्चीवर होत्या. मला दिसत होत्या. विजया, आता तू बोल."

"काही पण काय! माझी तयारी नाही," विजयाबाई म्हणाल्या.

दाराशी उभा असलेला अभिनव तिथून ओरडला, "आई, बोल दे ना! रोज़ तो सपने में भी पढ़ाती है!"

पुन्हा हशा झाला. विजयाबाईंनी पदर खोचला. पट्टी नळाखाली नेऊन बोटांनी घासून धुतली, नुसतीच झटकून वाळवली, नवा पापुद्रा ठेवला. आणि मग मंचावर उभं राहून, पासष्ट प्रतिष्ठित माणसं आपापसात कुजबुजत असताना, त्या सवयीने कडाडल्या, "पीछे वाली लड़कियाँ शांत!"

मागच्या रांगेतले दोन निवृत्त अधिकारी ताठ बसले.

त्या चाळीस मिनिटं बोलल्या. अर्धं मराठीत, अर्धं वर्गातल्या हिंदीत. नरहरींच्या एक गोष्ट लक्षात आली की त्यांनी स्वतः माणसांची आणि सालांची यादी वाचली होती, आणि या मात्र प्रत्येक माणसाला नेमकं काय दिसलं नाही ते सांगत होत्या. हूकला घर दिसलं, राहणारा नाही. श्वानला राहणारा दिसला, पण तो कोठून आला ते नाही. "आणि 'व इतर' म्हणजे कोण ते ऐका," त्या म्हणाल्या. "रेमाक. कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाच्या रक्तात एका पेशीच्या दोन होताना यानं पाहिल्या. वर्षानुवर्षं पाहत राहिला. पेशी पेशीपासूनच होते हे फिरखोच्या तीन वर्षं आधी यानं छापून सांगितलं. पण हा ज्यू. विद्यापीठात याले नीट जागा देत नव्हते. फिरखोनं तेच म्हटलं, याचं नाव न घेता, आणि जगानं फिरखोले पाठ केलं. मी माझ्या मुलींना रेमाक लिहिल्याशिवाय पूर्ण मार्क कधी दिले नाही."

नरहरी आता पहिल्या रांगेच्या टोकाला, एका मोडक्या खुर्चीवर बसले होते. हे ऐकताना त्यांनी उगाचच बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

मग नवी रांग लागली. टोकन परत घेतले गेले नव्हते म्हणून थोडा गोंधळ झाला. नरहरींचा नंबर सर्वांत शेवटी आला. फिकट विटांच्या ओळी, आणि प्रत्येक विटेत, कडेला सरकलेला, पिवळसर, अगदी एकच ठिपका. निळ्या ठिपक्यांइतका तो उठून दिसत नव्हता. शोधावा लागत होता.

"दिसलं?" विजयाबाईंनी विचारलं.

"दिसलं."

"किती?"

"एक."

"हं," त्या म्हणाल्या आणि पट्टी उचलून डब्यात ठेवली.

कार्यक्रमानंतर दत्तोपंतांनी नारळ आणि मानधनाचं पाकीट नरहरींच्या हातात ठेवलं. नरहरींनी ते विजयाबाईंना द्यावं असं सांगून पाहिलं. पण ठराव नरहरींच्या नावाने झालेला होता, पावतीवर नाव त्यांचं होतं, आणि खजिनदार म्हणून त्या पावतीवर दुसरी सहीही त्यांचीच होती. इतिवृत्तात दत्तोपंतांनी लिहिलं, 'वक्ते श्री. नरहरी मोहरील. सौ. मोहरील यांचे सहकार्य लाभले.' नरहरींनी हरकत घेतली. पुढच्या बैठकीत दुरुस्ती मांडा, असं उत्तर मिळालं. त्यांनी लेखी मांडली. दोन बैठकांनंतर ती मंजूर झाली आणि मंडळाच्या वहीत प्रथमच 'वक्त्या' हा शब्द लिहिला गेला. विजयाबाईंना पुढच्या वर्षाचं निमंत्रण आलं. त्यांनी विषय कळवला, दहा मिनिटं नाही, पूर्ण एक तास, असंही कळवलं.

व्याख्यानाच्या रात्री घरी आल्यावर विजयाबाईंनी हात पुढे केला होता. "मानधन कोणाचं?"

"तुझं," नरहरी म्हणाले.

पाकिटात दोनशे एक्कावन्न रुपये होते. त्यांतले एक्कावन्न येताना ऑटोला आणि अभिनवच्या कचोऱ्यांना गेले होते. नरहरींनी दोनशे दिले.

एक्कावन्न रुपये अजून द्यायचे आहेत.